धावदोरा

कापायच्या टेबलावर बॅग ठेवायची नाही, हा त्या घरातला सर्वांत जुना कायदा होता. टेबलावर कापड, खडू, पट्टी आणि कात्री. बाकी कशालाही तिथे जागा नाही. कायदा आजोबांनी केला, बाबांनी पाळला, आणि तो मोडल्याबद्दल दादाने आणि टाचणीने लहानपणी जेवढे धपाटे खाल्ले तेवढे परीक्षेतल्या मार्कांसाठीही खाल्ले नसतील. म्हणून त्या सुट्टीच्या दुपारी अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून वाकून टाचणी दुकानात आली आणि टेबलाच्या मधोमध बाबांची निळी बॅग चेन लावून बसलेली दिसली, तेव्हा गोष्टी किती पुढे गेल्यात हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात दुसरं कुणी वापरत नसे. लहानपणी चुंबक घेऊन दुकानाच्या फरशीवरच्या टाचण्या गोळा करायचं काम तिच्याकडे असायचं. पुढे जीभही त्याच वळणावर गेली. शिवणात मात्र ती रमली नाही. आता ती दुसऱ्या गावी एका संशोधन संस्थेत होती, आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटून ज्यांचा पंजा लुळा पडलाय अशा उंदरांना मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, दिल्या तर तो पंजा परततो का, हे बघणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. दैवाला विनोदबुद्धी असते म्हणतात. ती इतकी वाईट असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबा एका कोटाच्या बाहीवर खडू फिरवता फिरवता खाली कोसळले, आणि ज्या उजव्या हाताने गावातले निम्मे कोट कापले होते तो हात, उजवा पाय आणि बहुतेक सगळे शब्द एका सकाळी गेले. पाय काठीच्या आधाराने परतला. शब्द थोडेफार आले, तेही भलत्याच दाराने. हात तेवढा मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याचा सांभाळायला ठेवल्यासारखा.

"आलीस? बरं झालं," दादा म्हणाला. "उद्या सकाळी गाडी येतेय त्या केंद्राची. कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यात टोचतात. तीन दिवसांत घरी. तू नुसतं सोबत चल."

"बॅग खाली ठेव आधी."

"बॅगेचं काय घेऊन बसलीस?"

आई शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसली होती. दुकानातली काजं, बटणं आणि तुरपाई गेली चाळीस वर्षं तिच्याकडे. तिचा टाका शोधून दाखवावा म्हणून गिऱ्हाइकं पैजा लावत आणि हरत. तिने चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"हे बघ," ती टाचणीला म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं. मी तुझ्यावर टाकलंय. तू हो म्हण, उद्या मी ह्यांना घेऊन गाडीत बसते. तू नको म्हण, मी आत्ता बॅग उघडते. तू म्हणशील ते."

"आई, हे माझ्यावर नको टाकूस."

"मग कुणावर टाकू?"

बाबा खिडकीशी आरामखुर्चीत होते. सगळं त्यांच्याबद्दल चाललं होतं आणि त्यांच्याशी कुणीच बोलत नव्हतं. दोन वर्षांत सगळ्यांना ती सवयच लागली होती, टाचणीलाही.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, चहाचा ट्रे घेऊन आतून आली. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे तिला समोरचा वर्ग गप्प आहे एवढं कळलं की बोलायला लागायचीच सवय होती. "अगं, संशोधन-बिंशोधन राहू दे बाजूला. माझ्या शेजारणीच्या दिराला हेच इंजेक्शन दिलं. आता जिना चढतो टणाटण!"

"त्याला झटका आला होता का, आत्या?"

"झटका? नाही बाई. गुडघा होता त्याचा."

एरवी यावर दादा सगळ्यांत आधी हसला असता. आज त्याने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "हसायचं असेल तर हस," तो टाचणीला म्हणाला. "पण एक सांग. मागच्या खेपेला तूच उंदराचे फोटो दाखवलेस ना? बारीक फटीतून पंजा घालून दाणा उचलतो, बघा म्हणालीस. किती खूश होतीस तेव्हा! म्हणजे उंदराला मिळतं ते बापाला मिळायला नको?"

हा टोला येणार हे तिला बसमध्येच माहीत होतं, तरी तो लागायचा तिथे लागला. कारण तिच्या मनात हे आलंच नव्हतं असं थोडंच होतं? संस्थेतल्या गोठवणाऱ्या टाकीचं झाकण उघडून वाफ अंगावर घेताना कितीदा तिला वाटलं होतं की ह्यातली एकच कुपी खिशात घालावी आणि सरळ घर गाठावं. तिच्याइतकं ह्या पेशींवर ह्या घरात कुणाचंच मन बसलेलं नव्हतं.

"दादा, उंदराला मी काय देते ते मला माहीत असतं. पेशी कुठून आल्या, किती, जिवंत किती. आणि झटक्यानंतर थोड्याच दिवसांत देते. बरं, दिल्यावर काय होतं माहितीय? त्यातल्या बहुतेक मरतात. त्या काही नवा मेंदू होऊन बसत नाहीत. मरायच्या आधी आजूबाजूला जे जिवंत उरलेलं असतं त्याला चिथावतात, की उठा, नवे धागे टाका. शिवायचं काम जुन्यांनाच करावं लागतं."

"म्हणजे मुकादमच की," आत्या म्हणाली.

"मुकादमच म्हण. आणि झटक्याला एवढे दिवस लोटल्यावर माणसाला त्याचा किती उपयोग, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चाचण्या चालल्यात, मोजूनमापून. पण हे केंद्र म्हणजे चाचणी नाही, दुकान आहे. मी फोन केला होता त्यांना. कुठल्या पेशी, किती देता, आधीच्या माणसांचं पुढे काय झालं, कुणाला जंतू लागले का, कुठे गाठ आली का, सगळं विचारलं. त्यांनी मला आनंदाने रडणाऱ्या नातेवाइकांचे व्हिडिओ पाठवले."

"रडतात म्हणजे काहीतरी मिळालं असेल ना त्यांना!"

"किंवा मिळेल असं वाटत असेल. आपल्यासारखं."

"बुडत्याला काडीचा आधार असतो, टाचणे," आई हळूच म्हणाली.

"असतो ना. पण काडी त्याच्या पाठीत खुपसायची नसते, आई."

हे फार कडक झालं, हे तिला तोंडातून निघता निघताच कळलं. आईने मान खाली घातली. आत्या "शोभतं का हे?" म्हणाली आणि भावजयीच्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे आता तिकडे तीन आणि इकडे एक. आणि दादा, जो आजवर घरात कधी आवाज चढवून बोलला नव्हता, त्याने कपाट उघडलं, करड्या लोकरी कापडाचं थान काढलं आणि टेबलावर बॅगेशेजारी आदळलं.

"हे बघ. हे त्या वाद्यवृंदवाल्यांच्या कोटाचं. तीन आठवडे झाले कापड येऊन. मी रोज उलगडतो, खडू हातात घेतो, आणि घडी घालून परत ठेवतो. कात्री चालत नाही माझी. लोक येतात, बाहीत हात घालतात, आरशात बघतात आणि काय म्हणतात माहितीय? छान आहे, मास्तर बरे झाले की परत येऊ." त्याचा आवाज फाटला. "तू गेलीस तुझ्या उंदरांकडे. मी इथे आहे. मला तो हात परत पाहिजे. बाबांसाठी पाहिजे, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही पाहिजे."

टाचणीला आपल्या भावाची अशी दया आली की तिचा सगळा युक्तिवाद क्षणभर तिलाच पोकळ वाटला. एक हो म्हणायचं, बस. उद्या गाडी येईल, घरात निदान काही दिवस तरी आशा नांदेल, आणि पुढे काही झालंच नाही तर दोष त्या केंद्राचा. हो म्हणणं किती सोपं होतं! तो शब्द तिच्या जिभेवर आला.

"बाबांचा सराव कुठवर आला?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायचं होतं. "व्यायामवाल्या बाईंनी दिला होता तो? सुई धरायचा?"

"तेच तर!" दादा म्हणाला. "सहा महिने करत होते. उजव्या हाताच्या चिमटीत सुई धरून कापडाच्या पट्टीवर धावदोरा घालायचे. आणि सुधारत होते गं, खरंच. आधी दोन टाके, मग एक ओळ. सरळ! बाईसुद्धा चकित झाल्या. आणि एक दिवस सुई फेकून दिली ती दिलीच. तेव्हापासून हात लावत नाहीत. आशाच सोडलीय त्यांनी. म्हणून म्हणतोय, आता काहीतरी बाहेरूनच करायला हवं."

धावदोरा म्हणजे शिलाईच्या आधी घालायचा लांब, कच्चा टाका. कोट अंगावर बेतून बघेपर्यंत कापड जागेवर राहावं एवढंच त्याचं काम. पक्की शिलाई झाली की तो ओढून टाकतात. दुकानात नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात तो हाच.

"सरळ?" टाचणी म्हणाली. "कधीपासून सरळ यायला लागला?"

"दुसऱ्या महिन्यापासूनच."

तिला ते पटेना. तिच्या उंदरांचे पंजे असे सुधारत नसत. ते चुकत, दाणा सांडत, एक दिवस जमे, पुढचे चार दिवस जमत नसे. सुधारणा म्हणजे काय असते हे ती रोज काचेतून बघत होती, आणि ती कधीही सरळ नसते.

"कुठे आहे ती पट्टी?"

"असेल कुठेतरी," आई घाईघाईने म्हणाली. "टाकूनही दिली असेल. चहा घे ना, निवतोय."

"टाकलेली नाही," दादा म्हणाला. "खालच्या खणात आहे." त्याने खण ओढला आणि एक काळी सुती पट्टी काढून दिली. पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी होत्या. वरच्या दोन-तीन वाकड्यातिकड्या, घाबरलेल्या. आणि त्याखाली एकाखाली एक सरळ, सारख्या अंतराच्या, बघत राहावं अशा.

टाचणी ती घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडासमोर धरली. आधी तिला काही दिसलं नाही. मग दिसलं. प्रत्येक सरळ ओळीच्या आजूबाजूला बारीक भोकं होती. दोरा नसलेली. कुठे वर गेलेली, कुठे खाली उतरलेली, कुठे एकाच जागी चारदा टोचलेली. घट्ट विणीच्या कापडाला एकदा सुई लागली की ते सहजी विसरत नाही, हे ह्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सरळ ओळींच्या खाली दुसऱ्या कुणाच्या तरी वाकड्या ओळी उसवलेल्या होत्या. महिनोन्महिन्यांच्या.

तिने मागे वळून पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती.

"आई."

"मला बघवेना गं," आई म्हणाली.

"काय बघवेना?" आत्याने विचारलं. तिला काहीच उमगलं नव्हतं. दादाने पट्टी हिसकावून घेतली, उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"ह्यांचा टाका तो!" आई बोलू लागली आणि मग थांबली नाही. "ज्यांच्या हातचा टाका मोजून घ्यावा, त्यांनी असं कापड नासवलेलं मला बघवेना. ते झोपले की मी उसवायची आणि सरळ घालून ठेवायची. वाटलं, सकाळी उठून बघतील, आपल्याला जमतंय म्हणून हुरूप येईल. त्या बाईंनी शाबासकी दिली की ह्यांचा चेहरा कसा व्हायचा! दोन दिवस जेवायचे नीट. मी काय वाईट केलं? सांग ना, काय वाईट केलं मी?"

"आणि बाबांनी सुई का टाकली?" टाचणीने विचारलं. पण तिने आईला विचारलं नाही. दादाच्या हातातून पट्टी घेऊन ती खुर्चीसमोर खाली बसली आणि पट्टी बाबांच्या मांडीवर पसरली. "बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

बाबांना पट्टीकडे बघायचीही गरज नव्हती. त्यांनी डाव्या हाताचं बोट एका सरळ ओळीच्या शेवटी नेलं आणि तिथे थांबवलं. टाचणीने वाकून पाहिलं. दोऱ्याच्या टोकाला गाठ नव्हती; दोन मुंगीएवढे टाके उलटे घेतले होते. दुकानात दोरा असा संपवणारी एकच व्यक्ती होती, आणि बाबा चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसून काम करत आले होते. बोट त्यांनी दुसऱ्या ओळीच्या टोकावर नेलं, मग तिसऱ्या, चौथ्या. मग ते आईकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यात राग होता की लाज, हे टाचणीला सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही असावं.

"रोज..." ते म्हणाले. शब्द आणायला त्यांना वेळ लागला. "रोज... पुसलं."

आईने तोंडाला पदर लावला आणि ती हुंदके देऊ लागली. आत्याने तिला जवळ घेतलं. "अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही," ती पुटपुटली, पण तिचाही हात आईच्या पाठीवरून फिरत राहिला.

टाचणीला आईवर रागवावं असं वाटलंच नाही. संस्थेत एका सहकारी बाईंनी असंच एकदा दया येऊन एका उंदराचा दाणा फटीतून आत सरकवून ठेवला होता, रोज. आणि बाकीच्यांचे पंजे हलू लागले तरी तो उंदीर तोंड पुढे करून बसून राहिला होता. त्या बाई आईएवढ्याच मायाळू होत्या. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. आईला नवऱ्याची उंदराशी तुलना ऐकवण्याची ती वेळ नव्हती.

"दादा, ऐक," ती म्हणाली. "सरावाने हात परत येईल असं मी म्हणत नाही. दोन वर्षं हा मोठा काळ आहे. कदाचित थोडं येईल, कदाचित एवढंच राहील. पण त्या पेशी कितीही चांगल्या निघाल्या तरी चिथावून शेवटी हातालाच कामाला लावणार आहेत. आपण दोन वर्षांत त्या हाताला कधी धड काम करू दिलं नाही. बटणं आपण लावतो. घास आपण भरवतो. उत्तरंही आपणच देतो. उद्या एखादी खरी चाचणी निघाली, जिथे काय देतात ते सांगतात आणि काय झालं ते लपवत नाहीत, तर मी स्वतः नेईन त्यांना. बॅग मी भरेन. पण इथे माझं हो नाही. आणि खरं तर माझं हो-नाही विचारायचंच कशाला? माणूस समोर बसलाय."

दादा खुर्चीपाशी आला. एवढा थोराड माणूस, पण बाबांसमोर उभं राहताना तो लहानपणी काच फोडून आला की उभा राहायचा तसाच उभा राहिला.

"बाबा, तुम्हाला जायचंय का तिथे?"

हो म्हणायचं असताना नको निघतं आणि नको म्हणायचं असताना भलतंच, म्हणून बाबा हल्ली बोलायलाच बिचकत. त्यांनी डाव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासली, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड पारखताना घासायचे तशी.

"कापड..." ते म्हणाले. "कापड कुठलं?"

"कसलं कापड?" आत्या म्हणाली. "बघा, परत घोटाळा झाला शब्दांचा."

पण दादाला कळलं. त्याला लगेच कळलं. "पेशी कुठल्या ते सांगितलं नाही त्यांनी, बाबा. मी विचारलंही नाही."

बाबांनी काठी घेतली. आई उठायला लागली तशी टाचणीने तिचा दंड धरला, आणि ते एकटेच उठले, दोनदा परत खुर्चीत पडून तिसऱ्यांदा उठले, टेबलापर्यंत गेले, आणि डाव्या हाताने त्यांनी निळी बॅग काठाकडे ढकलली. ती धपकन खाली पडली. जन्मात कुठलं कापड आहे हे न बघता त्यांनी कात्री लावली नव्हती.

दादाने बाहेर जाऊन केंद्राला फोन केला. शटरपलीकडून त्याचा "नाही, नको, नक्की नको" एवढाच आवाज आत आला. परत आल्यावर त्याचे डोळे लाल होते. त्याने करडं कापड टेबलावर उलगडलं, मोजपट्टी ठेवली, आणि बाबांकडे न बघता खडूची पहिली रेघ मारली. बाबांनी काठीने टेबलाचा पाय ठोकला. दादाने रेघ झटकली, बोटभर आत घेतली आणि पुन्हा मारली. दुसऱ्यांदा काठी वाजली नाही.

बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसले आणि त्यांनी डावा हात आईसमोर पसरला. आईने सुईत दोरा ओवून दिला. एक काळा तुकडा पुढे ठेवला. मग ती समोर बसली आणि तिने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण त्या हातांवर तिचा भरवसा नव्हता.

बाबांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सुईभोवती वळवली. सुई पडली. आत्या वाकणार तोच टाचणीने मान हलवली. बाबांनी ती स्वतः शोधली. पुन्हा पडली, पुन्हा शोधली. खांदा, कोपर, मान, सगळं अंग एका सुईमागे लागलं होतं. पहिला टाका लागला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. दुसरा पहिल्यापासून दूर गेला, तिसरा त्याच्यावर चढला, चौथा कापडाच्या कडेवरून निसटता निसटता राहिला. दादाचा खडू केव्हाच थांबला होता. पाचवा टाका ओढून झाला आणि बाबांनी तुकडा आईपुढे सरकवला.

"वा वा!" आत्या टाळ्या वाजवायच्या बेतात होती. "किती छान!"

"छान काय, वन्सं?" आईचा आवाज अजून रडका होता, पण त्यात दुकानातल्या पोरांना ऐकू यायचा तो सूर हळूहळू येत गेला. तिने तुकडा डोळ्यांजवळ नेला, एकेक टाका बघितला, आणि नवऱ्यासमोर परत ठेवला. "अहो, वाकडं आलंय हे सगळं. अंतर बघा. उसवा, आणि परत घाला."

बाबांनी तिच्याकडे असं रागाने पाहिलं, जसं दोन वर्षांत कुणाकडे पाहिलं नव्हतं, आणि उसवायला घेतलं.